कोकणात सायकल चालत नाही म्हणे

पेट्रोलचा विषय निघाला की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘सायकल पुण्यात ठीक, कोकणात नाही’ अशी सुरुवात, आणि खाली कारणांची माळ: चढ जीव काढतात, चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने घाम, खाऱ्या हवेत दोन वर्षांत सायकलचा सांगाडा, रस्ते तर विचारूच नका, आणि हे सगळं कशासाठी तर चार पैसे वाचवायला. यंदा तो मला टॅग करून आला. पाऊस सरला की सायकलने ऑफिसला जाणार, असं मी बोलून बसलोय ना! घर नाचणे गावाच्या बाजूला, ऑफिस रत्नागिरीत जयस्तंभापाशी, अंतर ५ किलोमीटरच्या आसपास. अजून सुरुवात केलेली नाही. उघडीप बघून चार रविवार जाऊन-येऊन पाहिलंय, इतकंच. तेवढ्या भांडवलावर हे उत्तर.

आधी चढ, कारण सगळं तिथेच अडतं.

खाडीपासून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढणारी एखादी घाटी घ्या, उंची १०० मीटर धरू. माणूस ७० किलो, सायकल १५ किलो. हे ८५ किलो १०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा भरते साधारण २० किलोकॅलरी. शरीर काही फार काटकसरी इंजिन नाही, ते त्याच्या चौपट खर्च करतं. म्हणजे ८० किलोकॅलरी, एका चपातीचा मामला. सवय नसलेला पण धडधाकट माणूस १०० वॅटने पायडल मारू शकतो. त्या हिशेबाने ही घाटी १४-१५ मिनिटांत चढून होते. जीव काढणारं यात काही नाही.

मग आपल्या वडिलांच्या पिढीचा जीव का निघायचा? त्यांच्याकडे दांड्याची काळी सायकल होती. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्याला १८, बदलायला काही नाही. पायडलच्या एका फेऱ्यात ती सव्वापाच-साडेपाच मीटर पळते. सपाटीवर ते फार छान, पण चढावर ताशी ७ किलोमीटरने जायचं तर मिनिटाला जेमतेम २२ फेरे बसतात. प्रत्येक फेरा म्हणजे उभं राहून अंग टाकणं. आता गिअरची सायकल घ्या, पुढे २८ दाते, मागे ३४. एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच पुढे जाते, पण त्याच वेगाला मिनिटाला ६५-७० फेरे पडतात आणि बसल्या जागी, गुडघ्यांना न दुखवता चढता येतं. काम तेवढंच, फक्त हप्त्यांनी फेडायचं. दुकानात पैलवानी थाटाच्या जाड टायरवर जाऊ नका, मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र किती दात्यांचं आहे ते मोजा. आणि एवढं करून नाहीच जमलं तर उतरून ढकलायची. पोस्टमन ढकलायचे, शाळेतली पोरं अजून ढकलतात, त्यांना कुणी वेड्यात काढत नाही.

शिवाय कोकण म्हणजे नुसता चढ, हेही खरं नाही. अलिबागहून नागावमार्गे रेवदंड्याला जा, वाटेत दम लागेल असं काही नाही. आमच्याकडे सड्यावर चढलात की पुढे मैलभर सपाटी. त्रास असतो तो खालून वर जाण्याचा, आणि माझ्या वाटेवर तो सोयीच्या वेळी येतो. वाटेतले मारुती मंदिर, माळनाका हे भाग वर, जयस्तंभ खाली. म्हणजे सकाळी शेवटी उतार, संध्याकाळी सुरुवातीला चढ. घामाघूम व्हायचं ते घरी येताना, जिथे न्हाणीघर आपलं आहे. उलट्या दिशेने राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्यासाठी बॅटरीची मदत असलेली सायकल आहे. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिला ना पासिंग लागतं ना लायसन.

घामाचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. आपल्याकडे घाम येतो हा प्रश्न नाही, तो वाळत नाही हा आहे. मे महिन्यात नुसतं बसस्टॉपवर उभं राहिलं तरी सदरा पाठीला चिकटतो. त्यामुळे सामान पाठीवर नको, कॅरियरवर बांधायचं. शर्ट ऑफिसात घालायचा, आणि सोबत एक पंचा. ओल्या पंचाने अंग पुसलं की पाच मिनिटांत माणूस माणसांत येतो. वाऱ्याचंही ऐका. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते परीक्षेनंतर पहिल्यांदा कामाला आले. थंडीत सकाळी लवकर वारा जमिनीकडून समुद्राकडे, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. मी सकाळी पश्चिमेला जाणार, संध्याकाळी पूर्वेला येणार. दोन्ही वेळा वारा पाठीशी! मतलई वारा अगदीच मंद असतो, हे कबूल. पण फुकटचा आहे.

पाऊस. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. आषाढात घाटीवरून पाणी लोटत असताना सायकल काढा असं सांगणारा माणूस मी नव्हे. पण चार महिने सोडले तरी आठ उरतात. त्या आठांनाही बाद ठरवायला त्या चारांची साक्ष कशी चालेल? श्रावणातल्या सरींत जायचंच असेल तर अंगाला लपेटणारा रेनकोट नको, आत घामाने भिजायला होतं. पूर्वी शेतात इरलं घ्यायचे, वरून झाकलेलं, खालून मोकळं. सायकलवाल्यांचा घोळदार केप म्हणजे रबरी इरलंच. सांभाळायचं ते शेवाळ आणि ब्रेक. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असले की पहिले क्षणभर लागतच नाहीत, आणि जांभ्याचा लाल चिखल रबर खातो. उतारावर हे आधीच लक्षात ठेवायचं, वळणावर नाही.

गंजाबद्दल थोडक्यात. चेन गंजते, नटबोल्ट गंजतात, स्कूटरचेही गंजतात. आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, चेनला मशीनचं तेल द्यायचं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. सीटच्या नळीला ग्रीस लावून ठेवा, नाहीतर वर्षाने सीट खाली-वर करायला लोहार लागेल.

रस्त्यांवर माझं निम्मं मत मेसेजवाल्याकडे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर किंवा साळवी स्टॉपकडून जाणाऱ्या मिऱ्या-नागपूर रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत मी रोज जाणार नाही. दर हिवाळ्यात रेवस-रेड्डी सागरी रस्त्याने सायकलवाले गोव्याकडे जातात तो दाखला मी देत नाही. त्यांना दहाला मस्टरवर सही करायची नसते. माझी वाट नाचणे रोडची आहे म्हणून जमेल. ज्याला महामार्गाशिवाय रस्ताच नाही, त्याने नाही म्हटलं तर तो आळशी नव्हे. आणि एक अडचण मेसेजमध्ये नव्हतीच: पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. ज्यांची घरं पाखाडी उतरून खाली आहेत, त्यांनी सायकल रोज खांद्यावर घ्यायची की वर कुणाच्या पडवीत ठेवायची? पडवीवाल्याशी बोलून घ्या, एवढंच म्हणेन.

राहिले चार पैसे. रोज १० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २५० किलोमीटर. स्कूटरला त्यासाठी साडेपाच-सहा लिटर पेट्रोल लागतं. शंभराच्या भावाने सहाशे रुपये. यात कुणी श्रीमंत होत नाही, आणि चांगली गिअरची सायकल वसूल व्हायला दोन वर्षं सहज जातील. पैशांसाठी करत असाल तर खरंच करू नका. मला डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, तो अर्धा तास मला कुठूनच मिळत नव्हता. आता जाता-येता मिळून तो निघेल.

रविवारी सायकल ढकलत वर येताना शेजारचे काका फाटकात उभे होते. ‘गाडी बिघडली काय हो?’ म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांना जास्त काळजी वाटली.

दसऱ्याला स्कूटरशेजारी सायकललाही हार घालायचा ठरलंय. हस्ताचा पाऊस अजून दुपारी गडगडत असेल, म्हणून पहिला दिवस त्यानंतरचा कोरडा सोमवार.