‘दोन मिनिटं दिली नाहीत’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री जेवताना मुलीने वाचून दाखवला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. आमच्याकडून नेलेला एअर गनचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) ९ वर, म्हणजे नऊपट झूमवर, नेला की धूसर दिसतो आणि झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, टिकत नाही, ही तुमची दोन्ही दुखणी खरी असणार. ती नाकारत नाही.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, “गिऱ्हाइकाला दोन मिनिटं देत नाहीत, हाताला लागेल ते गळ्यात मारतात, एक वाजला की तोंडावर शटर ओढून झोपायला जातात. पक्के सुशेगाद.” हे मात्र लागलं. गोव्यातल्या म्हापशात वडिलांनी गळ आणि मासेमारीची दोरी विकत सुरू केलेलं दुकान आहे हे. दुर्बिणी आणि एअर गन नंतर आल्या. दहा माणसं हे वाचून परस्पर दुसरीकडे जातील, म्हणून त्या दिवशी काय झालं ते सांगतो.

तुम्ही आलात शुक्रवारी, सव्वाअकराच्या आधी. बाजाराचा दिवस. तुमच्या हातात मयड्याच्या केळ्यांचा घड होता, तो तुम्ही काउंटरवर ठेवलात, म्हणून आठवतं. मित्राकडे आहे तसा ६-२४x५० (सहा ते चोवीसपट झूम, पुढची काच ५० मिलिमीटर) हवा म्हणालात. मी नुसता ‘नको’ म्हणून मोकळा झालो नाही. दोन स्कोप बाहेर काढून हात लांब करून धरायला लावले. मागच्या काचेत उजेडाचा गोल ठिपका दिसतो तो बघा, म्हटलं. पुढच्या काचेचे मिलिमीटर भागिले झूम, तेवढा तो ठिपका. ३-९x४० मध्ये ३ वर भिजलेल्या चण्याएवढा, ९ वर मिरीएवढा. २४ वर फक्त मोहरी. मोहरीतून संध्याकाळी काय दिसणार, आणि डोळा जरा इकडेतिकडे झाला की सगळं काळं. तुम्ही स्वतः करून बघितलंत आणि हसलात. यातच पंचवीस मिनिटं गेली.

मग मी गन कुठली विचारलं. तुम्ही त्याला ‘उलटतपासणी’ म्हटलंय. साहेब, गन न विचारता स्कोप देणं म्हणजे पाय न बघता चप्पल देणं. स्प्रिंगची एअर गन, ४.५ एमएम छऱ्याची, घरामागच्या कुळागरात दहा-पंधरा मीटरवर कागदावर मारायची, असं तुम्ही सांगितलंत. रानडुकराचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आठवण मी एका वाक्यात करून दिली. ती मी प्रत्येकाला देतो, त्यात तुमच्यावर संशय नव्हता.

स्प्रिंगची गन म्हटल्यावर मी दोन गोष्टी सांगितल्या. मोठी रायफल फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगची गन आधी मागे जाते आणि पिस्टन पुढे आपटला की उलटी पुढे झटका देते. हा दुहेरी मार साध्या स्कोपला सोसत नाही, म्हणून स्प्रिंग गनसाठी बनवलेलाच घ्यावा. दुसरी गोष्ट अंतराची. शिकारीच्या रायफलीसाठी बनवलेल्या बहुतेक ३-९x४० चं पॅरॅलॅक्स (डोळा हलला तरी नेमाची फुली निशाणावरून हलू नये म्हणून जुळवलेलं अंतर) कारखान्यातूनच १०० यार्डांवर, साधारण नव्वद मीटरवर, बांधलेलं असतं. त्यांचं जनावर तेवढ्या अंतरावर उभं असतं, त्यांना ते बरोबर आहे. दहा मीटरवर मात्र ९ झूमला चित्र धूसर होतं, आणि डोळा हलला की फुली निशाणावरून सरकते. म्हणून पुढच्या काचेवर फिरणारी रिंग असलेला, दहा यार्डांपर्यंत अंतर जुळवता येणारा एओ स्कोप तुमच्यासाठी काढला. ₹८,४००.

इथे तुमच्या काकांचा पोर्तुगालहून व्हिडिओ कॉल आला. काका माझ्याशी अत्यंत आदराने बोलले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ते तिथे रीतसर परवान्यावर रानडुकरांच्या शिकारीला जातात. त्यांचा सल्ला त्यांच्या रायफलीला अगदी बरोबर होता: ३-९x४० घे, फिरणाऱ्या रिंगची भानगड नको, ऐन वेळी कोण फिरवत बसणार. पळत्या डुकराला ३ झूमच लागतो, कारण ३ वर १०० यार्डांवर तीस फुटांहून जास्त रुंदीचं रान दिसतं आणि ९ वर जेमतेम तेरा-चौदा फूट. पण काकांचं रान ते, तुमचं कुळागर हे.

तरी मी काकांनी सांगितला तसा, बांधलेल्या पॅरॅलॅक्सचा ३-९x४० लाकडी स्टँडवर लावून समोरच्या फार्मसीच्या पाटीवर धरला. पाटी माझ्या उंबऱ्यापासून बारा पावलं. स्कोपला हात लावू नका, नुसती मान हलवा, म्हटलं. फुली ‘फ’च्या पोटातून सरकून काठाबाहेर गेली. तुम्ही ‘अरेच्चा’ म्हणालात. मग गल्लीच्या टोकाच्या विजेच्या खांबावर धरला, तिथे स्वच्छ दिसलं. काका फोनवरून म्हणाले, बघ, काच उत्तम आहे. आणि तुम्ही म्हणालात, “मी काय फार्मसीच्या पाटीवर मारणार आहे?” तो स्कोप ₹६,९०० चा. महागाचा मी सुचवला होता, तुम्ही स्वस्तातला नेलात. तेव्हा ‘गळ्यात मारला’ हे कसं, ते तुम्हीच सांगा.

बिलावर १:१४ छापलंय, घरी असेल तर बघा. दुकान एकला बंद होतं, तसं दारावर लिहिलेलंही आहे. तुम्ही आत असताना शटर मी अर्धं ओढलं हे खरं. नवीन माणसं आत येऊ नयेत म्हणून ओढलं होतं. वडील ब्याऐंशीचे आहेत, मी पोचल्याशिवाय शितकडीच्या ताटाला हात लावत नाहीत. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मी दोनदा घड्याळाकडे बघितलं असेन. ते तुम्हाला दिसलं असेल तर ती माझी चूक, तेवढी मान्य.

माउंट, म्हणजे स्कोप गनवर धरणारी पकड, इथेच बसवून देतो, गन आत आणा, असंही म्हटलं होतं. तोवर बाहेर तुमच्या गाडीचा हॉर्न तिसऱ्यांदा वाजला होता. घरी लावतो म्हणून तुम्ही निघालात. आणि झिरो न टिकण्याचं कारण, माझ्या अंदाजाने, तिथेच आहे. माउंटसोबत एक छोटं प्लॅस्टिकचं पाकीट येतं, त्यात स्टॉप पिन असते. ती गनवरच्या भोकात बसली की माउंट मागे घसरत नाही. पिन नसेल तर स्प्रिंगच्या प्रत्येक झटक्याला माउंट केसभर मागे सरकतो आणि माणूस टरेटचे, म्हणजे नेम सरकवायच्या चकत्यांचे, क्लिक मोजत बसतो. पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप) एक क्लिक दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरसुद्धा हलवत नाही, आणि माउंट तर पुन्हा सरकतोच, म्हणजे तुम्ही दिवसभर क्लिक फिरवलेत तरी उपयोग नव्हता. ते पाकीट तुम्ही केळ्यांच्या घडाखाली विसरलात. बिलावरच्या नंबरवर मी त्याच संध्याकाळी दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. मेसेज टाकायला हवा होता, तो राहिला.

माझं आणखी एक चुकलं, की “हा स्कोप दहा मीटरसाठी नाही” हे बिलावर लिहून सही घ्यायला हवी होती. पुढे तशी काहीतरी पद्धत करू. मुलगी म्हणते मराठीत एक कागद छापून डब्यात घालूया, बघतो.

स्कोप बदलून देईन, वरचे ₹१,५०० तेवढे द्यावे लागतील. मात्र तुम्ही टाकलेल्या फोटोत नळीवर माउंटच्या रिंगांचे चरे उमटलेले दिसतायत, स्क्रू फार आवळलेत. कंपनी तो परत घेणार नाही, तो तोटा माझा. तोवर झूम ४ वर ठेवून मारा, बराच फरक पडेल. आणि पावसात तो कपाटात नुसता ठेवू नका, सिलिका जेलची पुडी घाला. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, मग मला परत शिव्या.

पिनेचं पाकीट काउंटरच्या डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर तुमचं नाव लिहून ठेवलंय. मी नसलो तरी मुलगी देईल. गन घेऊन या, बसवून देतो, पैसे नकोत. कधीही या, एक ते साडेतीन सोडून.