‘4 दिवसांत व्हाइट स्पॉट गायब’ या फॉरवर्डचा समाचार

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड कितीतरी दिवस फिरतोय. आता तो आमच्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने विचारलं, “मामा, लसूण किती घालू?” म्हणून हे लिहिणं आलं. मेसेज थोडक्यात असा: पांढरे ठिपके दिसले तरी घाबरू नका, हा परजीवी प्रत्येक टाकीत असतोच, ताण आला की वर येतो. खाद्याला लसणाचा रस चोळा, तापमान 32 अंशांवर न्या, मूठभर खडेमीठ टाका, मासा दहा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा, एक क्लीनर श्रिंप (माशांची सफाई करणारी कोळंबी) आणा. 4 दिवसांत ठिपके गायब, अनुभवसिद्ध! नाहीच गेले तर टाकीत चिमूटभर मोरचूद.

आधी त्या ‘अनुभवसिद्ध’ 4 दिवसांचं बघू, कारण अख्खा मेसेज त्यांच्यावर उभा आहे. ठिपके 4 दिवसांत जातात हे खरंच आहे. काहीही न करता जातात. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि 3 ते 7 दिवस तिथे खात बसतो. मिठाच्या कणाएवढा जो ठिपका दिसतो, तो हाच. पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात. मग काही तास तळाशी सरपटतो आणि वाळूला, दगडाला, काचेला किंवा पंपाच्या पाइपला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. कवचाच्या आत त्याचे भाग होत राहतात आणि एका कवचातून शंभर-दोनशे पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. समुद्रात बहुतेक मरतातच. पण चार फुटांच्या टाकीत मासा जाणार कुठे?

म्हणजे रविवारी ठिपके दिसले, लसूण घातला, गुरुवारी मासा स्वच्छ झाला, मेसेज पुढे गेला. पुढच्या आठवड्यात तोच मासा अंगभर ठिपके घेऊन दगडाला अंग घासत असतो, पण तोवर मेसेज पाठवणारा ग्रुपवर दुसरं काही पाठवत असतो. शिवाय परजीवी कल्ल्यांमध्येही बसतो आणि तिथला ठिपका बाहेरून दिसत नाही. श्वास भराभर चाललाय, मासा पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा आहे, अंगावर मात्र एकही ठिपका नाही, तर त्याला बरा झाला म्हणू नका.

या परजीवीवरच्या संशोधनाचा आढावा कोलोर्नी आणि बर्जेस यांनी 1997 मध्ये घेतला. कवचातून पिल्लं बाहेर पडायला किती दिवस लागतात? कमीत कमी 3, जास्तीत जास्त 72. बहुतेक कवचं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात, पण सगळी एकदम फुटत नाहीत. चौथ्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्याने हा 72 चा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

मीठ आणि तापमान हे दोन्ही उपाय ‘इक’चे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे आहेत. तो वेगळाच परजीवी, इक्थिऑफ्थिरियस. त्याला मीठ सोसत नाही आणि 30 च्या वर त्याची वाढ खुंटते. कुणीतरी तेच उचलून समुद्री माशांना लावलं. 100 लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ टाकलं तर क्षारता 35 वरून 35.5 होते, आणि हा परजीवी मुळात समुद्रातलाच आहे. त्याला काय फरक पडणार? 32 अंशांनी तर उलटच होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, 25 अंशांना लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम, 32 ला 6 च्या आसपास. कल्ले आधीच सुजलेल्या माशाला तेवढंच पुरतं. प्रवाळ असतील तर तेही पांढरे पडतील.

मिठाच्या बाबतीत अर्धं सत्य आहे, पण उलट्या दिशेने: क्षारता वाढवायची नसते, कमी करायची असते. वेगळ्या टाकीत सापेक्ष घनता दोन दिवसांत हळूहळू 1.009 वर आणून शेवटचा ठिपका गेल्यापासून 4 आठवडे तिथेच ठेवली तर बहुतेक वाण मरतात. मोजायला कॅलिब्रेट केलेला रिफ्रॅक्टोमीटर हवा, प्लास्टिकचा काट्याचा मीटर चालत नाही, 1.011 झालं तरी सगळं मुसळ केरात. कमी क्षारतेत तग धरणारे वाणही सापडलेत, म्हणून हा माझ्या पसंतीचा उपाय नाही.

लसणाबद्दल फार लिहीत नाही. त्याच्या वासाने काही रुसलेले मासे खायला लागतात, इतपत मान्य. कातडीखालच्या परजीवीला तो मारत नाही. रस थेट पाण्यात ओतलात तर तवंग येईल आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बिघडेल.

गोड्या पाण्यातली डुबकी क्रिप्टोकॅरिऑनवर, म्हणजे क्रिप्टोवर, चालत नाही, कारण परजीवी कातडीच्या आत सुरक्षित असतो. फ्लूकवर, म्हणजे माशाच्या अंगाला चिकटणाऱ्या बारीक चपट्या कृमींवर, मात्र चालते. तापमान टाकीइतकंच, पीएच खाण्याच्या सोड्याने 8.2 च्या आसपास, एअर स्टोन सुरू, आणि 5 मिनिटं, दहा नव्हे. आधी पारदर्शक असलेले फ्लूक पांढरे होऊन तिळासारखे तळाशी पडतात. म्हणजे ही डुबकी रोग ओळखायला कामाची आहे.

क्लीनर श्रिंप आणि क्लीनर रास (wrasse, सफाई करणारा छोटा मासा) परजीवी खातात, हे नाकारत नाही. ग्रेट बॅरिअर रीफवर ग्रटर यांनी 1996 मध्ये दाखवलं की एक रास दिवसाला सुमारे 1,200 परजीवी खातो. पण ते मुख्यतः नॅथिइड, कातडीवर बाहेरून बसणारे. कातडीखालचा क्रिप्टो त्याला उचलता येत नाही.

आता मोरचूद. हे वाचून खरंच संताप आला. तांबं हे क्रिप्टोवरचं खरं औषध आहे, म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो. पण मोरचुदात वजनाच्या साधारण पाव भाग तांबं असतं. चिमूट अर्धा ग्रॅम धरली तर 100 लिटरमध्ये लिटरमागे सव्वा मिलिग्रॅमहून जास्त तांबं जातं. मुक्त तांब्याची उपचाराची पातळी 0.15 ते 0.20. म्हणजे सहा पटींच्या वर! श्रिंप, गोगलगायी, प्रवाळ तासाभरातच आक्रसायला लागतील. मग लाइव्ह रॉक (टाकीतला सजीवांनी भरलेला समुद्री दगड) आणि वाळू तेच तांबं शोषून घेतील, दोन दिवसांत पातळी उपचाराच्या खाली येईल आणि परजीवी पुन्हा सुरू. तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीखालच्याला नाही आणि कवचातल्यालाही नाही. म्हणून पातळी आठवडेच्या आठवडे स्थिर लागते. दगडात बसलेलं तांबं पुढे झिरपत राहतं, त्या टाकीत श्रिंप ठेवणं विसरा.

नीट करायचं तर वेगळी टाकी घ्या: उघडा तळ, लपायला पीव्हीसीचे तुकडे, हीटर, एअर स्टोन, आधी पिकवलेला (उपयोगी जिवाणू वाढलेला) स्पंज फिल्टर. खडक, वाळू, कार्बन, यूव्ही दिवा काहीच नको. टाकीत किती लिटर पाणी आहे ते टाकीच्या खोक्यावरच्या आकड्यावरून काढू नका. 60 बाय 30 सेंटिमीटर तळ आणि 30 सेंटिमीटर पाणी म्हणजे 54 लिटर. चिलेटेड (दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेलं) तांब्याचं औषध असेल तर लिटरमागे 2.0 ते 2.5 मिलिग्रॅम, क्युप्रामीन या ब्रँडसारखं आयनिक असेल तर 0.5. दोन्हींचे आकडे एकमेकांना लावले तर मासा तरी मरतो किंवा परजीवी तरी वाचतो. पातळी दोन-तीन दिवसांत चढवा, योग्य किटने रोज मोजा, पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळा. असे 30 दिवस. एकदा पातळी खाली गेली की ते पुन्हा पहिल्यापासून. अमोनिया चढला तर पाणी बदला. क्लोरीन आणि अमोनिया बांधणारी द्रावणं आयनिक तांब्यासोबत घालू नका, त्यातून तांबं जास्त विषारी होतं.

तांबं नको असेल तर टाकी बदलत राहा. दर तिसऱ्या दिवशी, 72 तास व्हायच्या आत, सकाळी, मासा आधी वाळवलेल्या, स्वच्छ टाकीत नव्या खाऱ्या पाण्यात. असं 4 वेळा. जुनी टाकी, जाळी, पाइप धुऊन पूर्ण वाळवा, कवचं वाळून मरतात.

“प्रत्येक टाकीत असतोच” यातही कणभर सत्य आहे. वाचलेल्या माशांना काही महिने अर्धवट प्रतिकारशक्ती येते, त्यामुळे टाकीत रोग दबून राहतो आणि नवा मासा आणला की भडकतो. पण तो हवेतून येत नाही, ओल्या वस्तूंवरून येतो. सगळे मासे काढून मुख्य टाकी 76 दिवस माशांविना चालवली तर तो संपतो. त्या काळात दुसऱ्या टाकीतलं प्रवाळ, गोगलगाय किंवा ओला हात त्यात जाऊ देऊ नका, शंखावरही कवच येतं.

शेवटचं आणि तातडीचं. ठिपके मोजता येण्याइतके मोठे नसून अंगावर पिठासारखी बारीक भुकटी दिसत असेल, मासा उजेड टाळत असेल आणि खाणं बंद असेल, तर तो क्रिप्टो नाही, व्हेल्व्हेट आहे, अमायलूडिनियम. तो दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो, आणि टाकी बदलण्याचा वरचा उपाय त्याच्यावर चालत नाही. त्याच दिवशी मासा वेगळ्या टाकीत, दिवे बंद, हवा भरपूर आणि तांबं सुरू.