ट्रायलमधली ‘साखरेची गोळी’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

रक्ताचे आजार आणि कर्करोग यांच्या क्लिनिकल ट्रायलबद्दल एक संदेश सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो: “ट्रायल म्हणजे माणसांचे उंदीर करणं. अर्ध्या रुग्णांना औषधाऐवजी साखरेची गोळी देतात आणि मरू देतात. औषध चांगलं असेल तर सरळ सगळ्यांना का देत नाहीत? डॉक्टरांनी हात टेकले की मगच ट्रायलचं नाव काढतात. कुणाची देखरेख नसते. आणि एकदा सही केली की सुटका नाही.”

या भीतीला काहीच आधार नाही, असं म्हणता येणार नाही. पण या संदेशाचा परिणाम असा होतो की निदान नुकतंच झालेलं कुटुंब ट्रायल हा शब्द ऐकताच विषय बंद करतं आणि जे प्रश्न खरोखर विचारायला हवेत ते राहून जातात. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“अर्ध्यांना साखरेची गोळी देतात”

कर्करोगाच्या काही ट्रायलमध्ये प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, असतो, हे खरं. मात्र तो चालू उपचाराच्या जागी देत नाहीत, त्याच्या जोडीला देतात. ज्या आजारावर गुणकारी ठरलेला उपचार आहे, तिथे तो काढून घेऊन रुग्णाला नुसत्या प्लासिबोवर ठेवणं आणि त्याचा जीव धोक्यात घालणं हेलसिंकी जाहीरनाम्याला, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय नैतिक तत्त्वांना, मान्य नाही. तुलना होते ती जुना उपचार आणि नवा उपचार यांची, नाहीतर ‘आजचा उपचार’ आणि ‘तोच उपचार अधिक नवं औषध’ यांची. बऱ्याच ट्रायलमध्ये तर प्लासिबो नसतोच. एका गटाला गोळी आणि दुसऱ्याला सलाईनमधून औषध असेल, तर कोणाला काय मिळतंय ते उघडच दिसतं.

नुसता प्लासिबो येतो तो जिथे एरवीही औषध न देता फक्त लक्ष ठेवलं असतं, अशा टप्प्यावर. उदाहरणार्थ, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या वेगाने वाढणाऱ्या रक्तकर्करोगाची केमो पूर्ण होऊन आजार आटोक्यात आला आहे आणि रुग्णाला ट्रान्सप्लांट झेपणार नाही. अशा ४७२ रुग्णांवर तोंडाने घ्यायच्या अझासिटिडीनची प्लासिबोशी तुलना झाली. तेव्हा या टप्प्यावर ठरलेलं असं औषधच नव्हतं. तिथेही लागेल तेव्हा रक्त, प्लेटलेट आणि अँटिबायोटिक्स दोन्ही गटांना मिळत होती. औषधाच्या गटाचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) २४.७ महिने आणि प्लासिबोच्या गटाचं १४.८ महिने निघालं, म्हणून आज ते औषध वापरात आहे.

आता एक ट्रायल जवळून पाहू, कारण या संदेशातली सगळ्यात मोठी चूक तिच्यातून दिसते. व्हेनेटोक्लॅक्स हे काही रक्तकर्करोगांत उत्तम चालणारं औषध. ते मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात चालतं का, हे पाहायला बेलिनी नावाची ट्रायल झाली. आजार उलटलेले २९१ रुग्ण होते. सगळ्यांना बॉर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन हा त्या काळचा नेहमीचा उपचार मिळाला. त्यावर १९४ जणांना रोज ८०० मिलिग्रॅम व्हेनेटोक्लॅक्स आणि ९७ जणांना तशाच दिसणाऱ्या प्लासिबोच्या गोळ्या. म्हणजे ‘अर्ध्यांना’ हेही इथे चूक: वाटणी दोनास एक होती. आणि प्लासिबोच्या गटातल्या एकाही रुग्णाचा उपचार थांबवलेला नव्हता.

निकाल पाहा. नव्या औषधाने आजाराचं पुन्हा वाढणं लांबलं: आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ११.५ वरून २२.४ महिन्यांवर गेला. एवढाच आकडा पाहिला असता तर कोणीही म्हणालं असतं, सगळ्यांना द्या. पण मृत्यू मोजले तेव्हा व्हेनेटोक्लॅक्सच्या गटात १९४ पैकी ४१, म्हणजे २१ टक्के, आणि प्लासिबोच्या गटात ९७ पैकी ११, म्हणजे ११ टक्के निघाले. जादा मृत्यूंमागे जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जाहीर इशारा दिला आणि मायलोमातल्या व्हेनेटोक्लॅक्सच्या ट्रायलमध्ये नवे रुग्ण घेणं थांबवलं.

प्लासिबोचा गट नसता तर हे कसं कळलं असतं? उलटलेल्या मायलोमात रुग्ण दगावतात, संसर्गही होतात. शंभरातले एकवीस गेले तर डॉक्टर ‘आजारच तसा’ म्हणाले असते. अकराशी शेजारी ठेवल्यावरच एकवीस हा आकडा बोलतो. या ट्रायलमध्ये ज्यांना ‘फक्त साखरेची गोळी’ मिळाली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी होतं.

तेव्हा विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. किती गट आहेत, वाटणी एकास एक की दोनास एक? माझ्या गटाला नक्की काय मिळणार, आणि ते ट्रायलबाहेर मिळणाऱ्या आजच्या उपचारापेक्षा कमी तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न दुसऱ्या एखाद्या तज्ज्ञालाही विचारा. कारण उपचार झपाट्याने बदलतात आणि चार वर्षांपूर्वी आखलेल्या ट्रायलमधला तुलनेचा उपचार आज मागे पडलेला असू शकतो. प्लासिबोपेक्षा हा धोका कितीतरी अधिक खरा आहे. आणखी एक: आजार वाढला तर नव्या औषधाच्या गटात जाता येईल का, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळू वाढणाऱ्या रक्तकर्करोगातल्या इमॅटिनिब या औषधाच्या ११०६ रुग्णांच्या आयरिस ट्रायलमध्ये तशी मुभा होती आणि इंटरफेरॉन या जुन्या उपचाराच्या गटातले बहुतेक रुग्ण पुढे इमॅटिनिबवर गेले.

“चांगलं असेल तर सरळ का देत नाहीत?”

‘चांगलं आहे’ हे आधी कुणाला ठाऊक असतं? १९९० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगासाठी जबर मात्रेची केमो आणि मागून स्वतःच्याच मूळपेशींचं ट्रान्सप्लांट, हा उपाय असाच सरळ दिला गेला. तर्क पटण्यासारखा होता: जास्त विष, जास्त पेशी मरतील. तुलनेच्या ट्रायल पूर्ण होण्याआधीच हजारो स्त्रियांनी तो भोगला. १९९९ मध्ये पाच ट्रायलचे निकाल एकत्र मांडले गेले, त्यांतल्या चारांत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पाचवी, दक्षिण आफ्रिकेतली, फायदा दाखवत होती. तिच्यातली माहिती खोटी असल्याचं २००० मध्ये उघड झालं.

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातलं व्हॉक्सेलोटर हे औषध अलीकडचं उदाहरण. २७४ रुग्णांच्या ट्रायलमध्ये १५०० मिलिग्रॅमच्या गटात ५१ टक्क्यांचं हिमोग्लोबिन एका ग्रॅमहून जास्त वाढलं, प्लासिबोच्या गटात ७ टक्क्यांचं. त्यावर २०१९ मध्ये त्वरित मंजुरी मिळाली. पण रुग्णाला हिमोग्लोबिनचा आकडा दुखत नाही, दुखतात त्या वेदनेच्या झटक्यांतली हाडं. पुढच्या अभ्यासांत झटके आणि मृत्यू यांचं पारडं उलट बाजूला झुकलेलं दिसल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने औषध जगभरातून मागे घेतलं. ट्रायलचा निकाल ऐकताना ‘काय मोजलं?’ हे विचारायची सवय म्हणूनच लावून घ्यावी. रक्ताचा आकडा, आजार वाढेपर्यंतचा काळ आणि एकूण आयुष्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि औषध खरोखर जोरदार असेल तर ते अडून राहत नाही. इमॅटिनिब पहिल्या रुग्णाला जून १९९८ मध्ये दिलं, मंजुरी मे २००१ मध्ये. तीन वर्षंही लागली नाहीत.

“माणसांचे उंदीर करतात”

इथे संदेशात थोडं तथ्य आहे आणि ते लपवू नये. फेज १, म्हणजे नवं औषध माणसांत तपासण्याचा पहिला टप्पा. त्याचा हेतू मात्रा शोधणं हा असतो. रुग्णाला बरं करणं हा मुख्य हेतू नसतो. नेहमीची पद्धत अशी: ठरावीक मात्रेवर तीन रुग्ण घ्यायचे, पहिल्या आवर्तनात, म्हणजे साधारण २१ किंवा २८ दिवसांत, गंभीर त्रास होतो का ते पाहायचं. कोणालाच झाला नाही तर पुढच्या तिघांना वरची मात्रा. एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तीन. दोघांना झाला तर थांबायचं आणि खाली यायचं. साहजिकच आधीच्या रुग्णांना मात्रा कमी पडण्याची शक्यता असते. इमॅटिनिबची सुरुवात २५ मिलिग्रॅमपासून झाली; आज नेहमीची मात्रा ४०० आहे. त्याच अभ्यासात ३०० किंवा अधिक मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्ताचे काउंट पूर्ण पूर्ववत झाले. कितव्या मात्रेच्या गटात आपण येतोय, हा प्रश्न फेज १ मध्ये विचारलाच पाहिजे.

इमॅटिनिबसारखं यश अपवादाने मिळतं. १९९१ ते २००२ या काळातल्या ४६० फेज १ ट्रायलच्या, सुमारे १२ हजार रुग्णांच्या आढाव्यात गाठ आक्रसण्याचं प्रमाण १०.६ टक्के होतं आणि औषधाच्या विषारीपणाने झालेले मृत्यू ०.४९ टक्के. आजची नेमकी लक्ष्यवेधी औषधं अनेकदा याहून बरी कामगिरी करतात. तरी कुणी फेज १ ‘हमखास’ म्हणून सांगत असेल तर ते चूक आहे.

चुका झाल्याही आहेत. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचं नवं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने दिलं गेलं. पहिल्याला काय होतं ते दिसायच्या आत सहाव्याला सुई टोचली गेली होती. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. तेव्हापासून माणसांत पहिल्यांदाच जाणारं असं औषध आधी एकालाच देऊन थांबायचं, हा शिरस्ता झाला. मायलोमातलं टेक्लिस्टॅमॅब हे औषध आज किलोमागे ०.०६, मग ०.३ आणि मग १.५ मिलिग्रॅम अशा पायऱ्यांनी चढवतात आणि प्रत्येक पायरीनंतर रुग्णाला ४८ तास रुग्णालयात ठेवतात. या पायऱ्या फेज १ मधल्या रुग्णांमुळेच कळल्या.

“हात टेकले की ट्रायल”

उलट, अनेक महत्त्वाच्या ट्रायल पहिल्या उपचाराच्याच असतात. मुलांच्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात १९६० च्या आसपास दहात एक मूलही वाचत नव्हतं. आज चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी दहातली नऊ वाचतात. यात नव्या औषधांपेक्षा तीच औषधं कोणत्या क्रमाने, किती आणि कोणाला द्यायची याचा वाटा मोठा आहे. ते एकामागून एक ट्रायल करूनच ठरलं आणि त्यांत निदानाच्या दिवसापासून मुलं सामील होती.

‘शेवटी बघू’ म्हणण्यात व्यवहाराचाही तोटा होतो. प्रवेशाच्या अटी असतात: न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बहुधा हजाराच्या वर, प्लेटलेट ५० किंवा ७५ हजारांच्या वर, मूत्रपिंड-यकृताचं काम ठीक. चार उपचार संपल्यावर मॅरो (रक्त तयार करणारी अस्थिमज्जा) थकलेला असतो आणि इथेच नकार मिळतो. आदल्या दिवशी प्लेटलेट चढवून आकडा जुळवता येत नाही, कारण बरेच प्रोटोकॉल (ट्रायलचे लेखी आराखडे) आधीच्या सात दिवसांत चढवलेल्या प्लेटलेटचा काउंट धरत नाहीत. आधीच्या औषधानंतर दोन आठवडे किंवा त्याच्या पाच अर्धायुकालांइतकी (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणाऱ्या काळाच्या पाचपट) विश्रांती लागते. पहिल्या उपचाराच्या ट्रायलला तर केमोचा एक डोसही प्रवेश बंद करू शकतो. म्हणून प्रश्न विचारायची वेळ पहिल्या डोसआधीची.

निदानाच्या वेळचा नमुनाही जपा. शिल्लक आजार (उपचारानंतर उरलेल्या थोड्या रोगपेशी) मोजायला मॅरोचा पहिला ओढलेला एक-दोन मिलिलिटर लागतो. पुढच्या सिरिंजमध्ये साधं रक्त मिसळत जातं आणि आजार आहे त्यापेक्षा कमी दिसतो. स्लाइड, ब्लॉक, जनुकीय अहवाल यांच्या प्रती स्वतःकडे असल्या तर तपासणीचे दिवस वाचतात.

“देखरेख नसते”

गंभीर दुष्परिणाम कळल्यावर, बहुतेक प्रोटोकॉलप्रमाणे, २४ तासांत आयोजकाला कळवावा लागतो. तो औषधामुळे झालेला आणि अनपेक्षित असून जीवघेणा असेल तर नियंत्रकांकडे ७ दिवसांत, तसा नसेल तर १५ दिवसांत जातो. मोठ्या ट्रायलचे आकडे मधून मधून एक स्वतंत्र समिती उघडून पाहते. सिकल सेलमधली हायड्रॉक्सियुरिया या औषधाची २९९ प्रौढांची ट्रायल १९९५ मध्ये अशीच मुदतीआधी थांबवली. झटके वर्षाला ४.५ वरून २.५ वर आल्याचं स्पष्ट झालं होतं, मग प्लासिबो चालू ठेवण्यात अर्थ नव्हता.

“सही केली की सुटका नाही”

संमतीपत्र हा करार नव्हे. कारण न देता, कधीही बाहेर पडता येतं आणि नेहमीच्या उपचारावरचा हक्क जात नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या सांगा: ‘औषध थांबवतो, पण तपासण्यांना येईन’ आणि ‘संपर्कही नको’. पहिलं शक्य असेल तर तेच करावं, कारण त्रास झालेले रुग्ण नजरेआड झाले की औषध आहे त्याहून सुरक्षित दिसू लागतं. तोवर जमलेली माहिती सहसा ट्रायलमध्येच राहते.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे हक्क शाबूत असला तरी शरीर मागे फिरू शकत नाही. सिकल सेल किंवा थॅलेसेमियाच्या जनुक-संपादन उपचारात (रुग्णाच्याच पेशींतलं जनुक बदलण्याच्या उपचारात) आधी मूळपेशी गोळा करतात. त्या संपादित होऊन परत यायला काही महिने लागतात. या काळात कोणत्याही दिवशी ‘नको’ म्हणता येतं, काही बिघडत नाही. मग चार दिवस बुसल्फान ही जबर केमो देतात आणि जुना मॅरो रिकामा होतो. बुसल्फाननंतर पेशी न घेता थांबणं प्राणावर बेतू शकतं. यासाठीच किलोमागे किमान २० लाख संपादन न केलेल्या मूळपेशी आधीच गोठवून ठेवतात, आणि संपादित पेशी रुजल्या नाहीत तर त्या परत देतात. त्या गोठवल्या आहेत का आणि कुठे ठेवल्या आहेत, याचं उत्तर बुसल्फानचा पहिला डोस लागण्याआधी लेखी हातात असायला हवं.