सांगितल्यावर पुढे काय?

"चूक झाली तर न लपवता लगेच सिनिअरला सांगा" हे नर्सेसना सल्ला देणाऱ्या लेखातलं वाक्य पटतं, पण सांगितल्यावर काय होतं तेही लिहायला हवं होतं. नाशिकमध्ये एका खाजगी हॉस्पिटलला नर्स म्हणून नवीन लागले तेव्हा नाइटला एका मिलीमध्ये १०० युनिट असलेल्या व्हायलमधलं (बाटलीतलं) इन्शुलिन मी मिलीला ४० युनिटवाल्या इन्शुलिनच्या, लाल टोपीच्या सिरिंजने दिलं. त्या सिरिंजवर १० च्या रेघेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात २५ युनिट जातात, अडीचपट! ट्रेमध्ये लाल टोपी दिसली आणि हातपाय गार पडले. लगेच सांगितलं. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) लावलं, सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला शुगर बघितली. पेशंट आजोबा ठणठणीत राहिले, सकाळी चहा मागत होते.

पण ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरला सगळ्यांसमोर माझी जी काढली! दोन्ही सिरिंज एकाच ड्रॉवरमध्ये का ठेवल्या होत्या, हे मात्र कुणी विचारलं नाही. नंतर महिनाभर ड्युटीच्या आधी पोटात गोळा यायचा. आमच्याच बॅचच्या एकीने पुढे एक चुकलेला डोस कुणालाच सांगितला नाही. मला सांगितला, तोही सीबीएसला बसची वाट बघताना. तिला दोष कसा देऊ?