सीटा काढा, टाक्या बसवा, झाला टँकर?

इतर विमानांना उडतानाच इंधन देणाऱ्या, हवाई दलाच्या जुन्या टँकर विमानांच्या जागी नवी घेणं म्हणजे पैशांची उधळपट्टी, असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आपले टँकर जेमतेम वीस वर्षांचे आहेत, अमेरिका तर साठ वर्षांचे उडवते. शत्रू शेजारीच आहे, मग आकाशात इंधन भरायचंच कशाला? लागलंच तर एका सुखोईनं दुसऱ्याला द्यावं. घ्यायचंच असेल तर रशियन स्वस्तात पडतं. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एअर इंडियानं काढून टाकलेल्या जम्बोच्या (बोइंग ७४७) सीटा काढायच्या, आत टाक्या बसवायच्या, मागून पाइप सोडायचा. शेवटी परदेशी लॉबीचा उल्लेख आहेच.

एरवी असलं काही मी वाचून सोडून देतो. पण हा मेसेज आमच्या मामांनी पाठवला, वर 'अगदी बरोबर लिहिलंय' अशी पावती जोडून. मामांचं आयुष्य कारखान्यातल्या पंप आणि व्हॉल्व्हमध्ये गेलं. त्यांना तरी हा पाइपचा मुद्दा खटकायला हवा होता, म्हणून सुरुवात तिथूनच.

मुळात टँकर विमान म्हणजे केबिनमध्ये टाक्या असायलाच हव्यात, ही समजूतच चुकीची आहे. बहुतेक प्रवासी जेट विमानांचं इंधन असतं पंखांत आणि दोन पंखांच्या मधल्या पोटात. आज जगात सर्वाधिक देशांनी निवडलेला आधुनिक टँकर म्हणजे एअरबसचा ए३३० एमआरटीटी. तो १११ टन इंधन घेऊन उडतो आणि त्यासाठी एकही जादा टाकी बसवावी लागत नाही. वरच्या केबिनमध्ये माणसं बसतात, खाली माल जातो. मेसेज जी जागा रिकामी करायला सांगतो, तिचा इथे इंधनाशी संबंधच नाही. उलट इतकं द्रव केबिनमध्ये भरून ते हिंदकळायला लागलं की विमानाचा तोल सांभाळणं हा वेगळाच उद्योग.

खरं काम त्या 'पाइप'चं. होज, म्हणजे इंधनाची लवचिक नळी, सोडायचा म्हणजे तो गुंडाळणारा ड्रम हवा, आणि त्या ड्रमला क्षणात प्रतिसाद देता आला पाहिजे. मागचं लढाऊ विमान आपला प्रोब, म्हणजे इंधन घ्यायची पुढे आलेली नळी, होजच्या टोकाच्या टोपलीत घुसवतं तेव्हा होज ढिला पडतो. ड्रमनं तो ढील लगेच गुंडाळून घेतला नाही, तर होजमधून लाट धावते आणि चाबकासारखी बसते. प्रोबचं टोक तुटतं. हे ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरच्या वेगात, रात्री, ढगात. मामा, असल्या जोडणीला आपण जमिनीवर तरी हात लावला असता का?

शिवाय पंखाखाली पॉड, म्हणजे होज आणि ड्रमचे डबे, टांगायचे तर पंख तेवढा दणकट हवा. ए३३० इथे सोयीचा ठरला, कारण त्याचा पंख चार इंजिनांच्या ए३४० शी सामायिक आहे. ए३४० ची बाहेरची इंजिनं जिथे लटकतात, तिथेच टँकरचे पॉड बसवले जातात. असा योग प्रत्येक विमानात जुळून येत नाही. आणि हे सगळं बसवून झालं तरी प्रत्येक जातीच्या लढाऊ विमानाबरोबर वेगळ्या चाचण्या असतातच. आपल्या तेजसनं आपल्या सध्याच्या टँकरकडून, म्हणजे रशियन बनावटीच्या इल्युशिनकडून, पहिल्यांदा इंधन घेतलं ते १० सप्टेंबर २०१८ ला, १,९०० किलो. त्याच्याही आधी नुसत्या कोरड्या, म्हणजे इंधन न सोडता, जोडण्या करून बघितल्या होत्या.

एवढ्यानं पटत नसेल तर बोइंगकडे बघा. अमेरिकेच्या केसी-१३५ सारखा टँकर शेकड्यांनी बनवलेली कंपनी. तिनं स्वतःच्याच ७६७ चा टँकर करायचं कंत्राट २०११ मध्ये मिळवलं. या टँकरचं, केसी-४६ चं, पहिलं विमान अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेलं जानेवारी २०१९ मध्ये, आणि या कामात कंपनीला ७ अब्ज डॉलरपेक्षा जास्त खड्डा पडला. बूम, म्हणजे टँकरच्या शेपटीकडची ताठ नळी, चालवणाऱ्याला मागचं दृश्य दाखवणारे कॅमेरेच नीट दाखवेनात, ऊन-सावलीत अंतराचा अंदाज चुकायचा, इंधन घेणाऱ्या विमानाला बूम घासण्याचा धोका निर्माण झाला. बोइंगची ही गत, आणि आम्ही म्हणे हँगरमध्ये सीटा काढून काम उरकणार.

बरं, यात अर्धं सत्य आहे ते मान्य करतो. जम्बोचे टँकर खरोखर होऊन गेले: शहाच्या काळात इराणनं ते घेतले होते, पण बनवून दिले होते बोइंगनं. जुनं प्रवासी विमान टँकरमध्ये बदलण्याचं कामही चालतं. इस्रायलची आयएआय ही कंपनी ७६७ वर ते करते आणि त्यासाठी आपल्या सरकारी एचएएलनं तिच्याशी एप्रिल २०२२ मध्ये सामंजस्य करार केला. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. पण ती करणाऱ्याकडे वर्षानुवर्षांचं काम, चाचण्या आणि प्रमाणपत्रं असावी लागतात. जम्बोचं म्हणाल, तर एअर इंडियाचे शेवटचे जम्बो २०२४ मध्ये विकलेही गेले. मेसेज लिहिणाऱ्याला तेवढंही बघावंसं वाटलं नाही.

आता वयाचा मुद्दा. केसी-१३५ साठ वर्षं उडतंय, खरं आहे. पण जुनी इंजिनं काढून सीएफएम५६ बसवली, पंखांचे पत्रे बदलले, शेकडो विमानांसाठी एक अख्खी दुरुस्ती-यंत्रणा चालू ठेवली, तेव्हा ते उडतंय. आपली सहा इल्युशिन-७८ आली २००३ पासून, आग्र्याच्या ७८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. ती बनली ताश्कंदच्या कारखान्यात. तिथे आता हे विमान बनतच नाही, उत्पादन रशियातल्या उल्यानोव्हस्कला गेलं. परिणाम काय झाला ते मी सांगत नाही, कॅग सांगतं. या विमानांवरचा २०१७ चा अहवाल म्हणतो की २०१० ते २०१६ या काळात सरासरी ४९ टक्केच विमानं उडण्याजोगी होती. अपेक्षा होती ७० टक्क्यांची.

या ४९ चा अर्थ नीट लावा. सहातली तीन. त्यातलं एक प्रशिक्षणात, एक कुठल्या तरी परदेशी सरावाला निघालेल्या विमानांबरोबर, मग अख्ख्या देशासाठी उरतं एक. वय वीस की साठ हा प्रश्नच गौण आहे. सकाळी किती विमानं उडतील, एवढंच विचारायचं.

'रशियन स्वस्त' याचं उत्तरही त्याच आकड्यात आहे. विमान स्वस्तात आणलं आणि ते निम्मा वेळ सुट्या भागांची वाट बघत उभं राहिलं, तर स्वस्त कसलं? आपल्याच दोन्ही निविदांत, आधी २००९ मध्ये आणि मग जानेवारी २०१३ मध्ये, पसंती एअरबसला मिळाली होती. दुसऱ्या वेळी समोर इल्युशिनच होतं.

शत्रू शेजारी आहे म्हणून टँकर नको, हे फक्त नकाशावर पट्टी ठेवून ठरवता येतं. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटर उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत लढाऊ विमान पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं घेऊन उठू शकत नाही. शस्त्रं घेऊन हलकं उठायचं आणि वर इंधन भरायचं, हा त्यावरचा मार्ग. २०१९ च्या बालाकोट कारवाईत ग्वाल्हेरहून निघालेल्या मिराजना वाटेत इल्युशिननं इंधन दिल्याचं तेव्हाच्या बहुतेक वृत्तांतांत आलं होतं. लक्ष्य सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर, तरीही.

सुखोईनं सुखोईला द्यावं? देता येतं, पण जे दिलं ते त्याच्या स्वतःच्या पोटातून गेलं, आणि तेवढ्या वेळापुरतं आपलं एक लढाऊ विमान कमी झालं. अडीअडचणीला ठीक आहे.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण निवड खरी तिथेच अडते. राफेल, सुखोई, मिराज, तेजस सगळे होजवाले. पण आपली सी-१७ आणि नौदलाची पी-८आय इंधन घेतात ती बूममधून, आणि आपल्या इल्युशिनला बूम नाही. म्हणजे या मोठ्या विमानांना आपलेच टँकर एक थेंब देऊ शकत नाहीत. नवं विमान दोन्ही पद्धतींचं हवं की नाही, यावर वाद घाला ना. त्यात मजा आहे.

राहिली लॉबी. संरक्षण खरेदीत लॉबी नसते असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण ती मेसेज म्हणतो तेवढी जबरदस्त असती, तर एअरबसची पहिली निवड २०१० मध्ये किमतीवरून आणि दुसरी २०१६ मध्ये रद्द झाली नसती. आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याच वैमानिकांच्या सरावासाठी एका खासगी परदेशी कंपनीकडून केसी-१३५ भाड्यानं घेण्याचा करार संरक्षण मंत्रालयाला करावा लागला नसता.