‘साडेसहालाच कोंडून ठेवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

जुन्नरच्या आमच्या कृषी पर्यटन केंद्रावर संध्याकाळी साडेसहालाच मुलांना आत घेतलं, तुमच्या कुत्र्याला अंगणात बांधू दिलं नाही, उसातली रात्रीची फेरी नाकारली आणि यातलं काहीच बुकिंगच्या वेळी सांगितलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. शेवटची तक्रार शंभर टक्के खरी. पुण्यात बुकिंग घेतानाच हे सांगायला हवं होतं. एका रात्रीचे पैसे तुमच्या खात्यात परत केले आहेत. आता ॲडव्हान्स घेण्याआधीच सगळे नियम व्हॉट्सॲपवर पाठवतो. चहा गार होता, त्याबद्दलही माफी.

नियम मात्र सैल करणार नाही, ते बिबट्यामुळे आहेत.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्या जंगलातून वाट चुकून येत नाही, तो इथलाच रहिवासी आहे. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. दडायला जागा, पाटाला पाणी, वस्त्यांवर कुत्री आणि शेळ्या, मग त्याने जावं कशाला? मादी पिल्लंही उसातच घालते. तुम्ही आलात तेव्हा तोड चालू होती आणि शेजारचा फड नुकताच मोकळा झाला होता. अशा दिवसांत जनावर जागा बदलत असतं, कुठल्या बांधावरून निघेल सांगता येत नाही.

ताठ उभ्या मोठ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. पण लहान मूल, किंवा गवत कापायला वाकलेलं, उघड्यावर बसलेलं माणूस त्याच्या नजरेला सावजाच्या उंचीचं दिसतं. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात महिन्याच्या आत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. साडेसहाला अंधार दाटतो आणि मुलं तेव्हाच खेळात रंगलेली असतात. म्हणून ती वेळ. उन्हाळ्यात सव्वासात करतो.

‘आठ फुटी जाळीचं कुंपण असताना कसली भीती?’ असं तुम्ही विचारलंत. ते कुंपण भटकी कुत्री अडवतं. बिबट्या ते सहज चढतो. म्हणून शेळ्यांच्या शेडला वरूनही जाळी आहे, आणि खोल्यांपासून उसापर्यंत तीस फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवलाय, दबा धरायला आडोसा मिळू नये म्हणून. दिव्यांचा तुम्हाला त्रास झाला, पण ते याच पट्ट्यावर रोखलेले आहेत. खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे लावतोय.

कुत्र्याचं तर फारच महत्त्वाचं. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे दारात ठेवलेलं आमिष, आणि त्या दारामागे तुमची मुलं झोपलेली. उष्टी हाडं बाहेर टाकू देत नाही तेही याचसाठी. हाडांमागे भटकी कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो.

‘वनखात्याला सांगून पिंजरा लावा’ ही सूचना मनापासून केलीत, हे कळतं. पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वनखात्याशिवाय कुणी पिंजरा लावू शकत नाही. आणि नुसता दिसला म्हणून पकडून उपयोगही नाही. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागातून शंभराच्या आसपास बिबटे पकडले, बरेचसे लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. जुना नर हलवला की रिकाम्या हद्दीत दुसरा शिरतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. माणसावर हल्ला करणाऱ्याला पकडावंच लागतं, ती गोष्ट वेगळी.

रात्री खोलीबाहेर पडायचंच झालं तर दोघं मिळून, टॉर्च लावून, मोठ्याने बोलत जा. दिसलाच तर पळू नका, खाली वाकू नका. मुलाला उचलून घ्या, हात वर करून ओरडा, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरका. त्याची निघायची वाट अडवू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. हा नंबर आता प्रत्येक खोलीच्या दाराला आतून लावलाय.

उसाकडची फेरी सकाळी आठनंतर असते, आमचा माणूस पुढे चालतो. पाटाच्या ओल्या मातीत ठसे सापडतात. गोलसर, चार बोटांचे, नखांची खूण नसलेले. शेजारीच कुत्र्याचा असेल तर नखं उमटलेली दिसतात. तुमच्या मुलांना हे दाखवायला आम्हाला आवडेल, त्या फेरीचे पैसे घेणार नाही.