‘साथ आली की आधी घटना बदला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपूरला अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यात गेल्या आठवड्यात पुन्हा तोच मेसेज पडला. सार असं: ‘कोरोनात राज्यघटनेने सरकारचे हात बांधले होते. पुढची साथ आली की पहिल्याच महिन्यात घटनादुरुस्ती करून आरोग्याचे सगळे अधिकार केंद्राला द्या. घटना शंभरदा बदलली, आणखी एकदा बदलली तर काय आभाळ कोसळतं? साथ संपली की पूर्ववत करता येईल. विरोध करणारे लोकांच्या जिवाशी खेळतात.’

पाठवणारे भाऊ भले माणूस आहेत. दुसऱ्या लाटेत घरच्या माणसाला बेड मिळावा म्हणून ते रात्रभर शहर पालथं घालत होते. त्यामुळे ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ म्हणून हसण्यावारी न नेता एकेक मुद्दा घेतो.

‘घटनेने हात बांधले होते.’ 24 मार्च 2020 च्या रात्री आठला घोषणा झाली आणि बारा वाजता अख्खा देश बंद झाला. चार तासांत! त्यासाठी घटनेतला एक स्वल्पविरामही हलवावा लागला नाही. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा हाताशी होता, शिवाय 1897 चा साथरोग कायदा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. बांधलेल्या हातांनी एवढं होत असेल तर मोकळ्या हातांची कल्पनाच न केलेली बरी.

सार्वजनिक आरोग्य हा राज्य सूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय आहे, हे मेसेजवाल्याचं खरं. पण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या विषयांच्या यादीत, नोंद 29 आहे: संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणे. म्हणजे नेमक्या या कामापुरता कायदा संसद आजही करू शकते. तेवढ्यानेही भागत नसेल तर अनुच्छेद 249 आहे. राज्यसभेने उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी ठराव केला, की राज्याच्या विषयावरही संसदेला कायदा करता येतो. ठरावाची मुदत एक वर्ष. गरज असेल तर पुन्हा ठराव करून वाढवा. नाही वाढवला तर मुदतीनंतर सहा महिन्यांत तो कायदा आपोआप निष्प्रभ होतो. मेसेजला हवी असलेली ‘तात्पुरती’ सोय ती हीच, आणि ती 1950 पासून घटनेत आहे.

‘पहिल्याच महिन्यात करा.’ हा मुद्दा लिहिणाऱ्याने घटनादुरुस्तीची पद्धत सांगणारा अनुच्छेद 368 उघडून पाहिलेला दिसत नाही. केंद्र-राज्यांचे विषय वाटणाऱ्या सातव्या अनुसूचीतल्या याद्यांना हात लावायचा तर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात आणि वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. आज 28 राज्ये आहेत, म्हणजे 14 विधिमंडळं. साथीत ती भरवायची कशी?

कोरोनात काय झालं ते आठवा. 2020 चं संसदेचं पावसाळी अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय झालं आणि तेही मुदतीआधी गुंडाळलं. त्या वर्षी संसदेचं हिवाळी अधिवेशन झालंच नाही. आणि आपल्या विधिमंडळाचं? 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन इथे व्हायला हवं. 2020 मध्ये ते मुंबईत दोन दिवसांत उरकलं, 2021 चंही मुंबईतच झालं. दोन हिवाळे विधानभवनासमोरचा रस्ता रिकामा राहिला. त्याबद्दल तक्रार नाही, साथ होती. पण बाहेरच्या माणसाला त्यात काय गमवावं लागतं ते आम्हाला इथे दिसतं. डिसेंबरात यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोलीस अडवतात, पाच जणांचं शिष्टमंडळ तेवढं आत जातं, मंत्री निवेदन घेतो. बहुतेक निवेदनांचं पुढे काही होत नाही, हेही मी पाहिलंय. तरी माणूस येतो, आणि आत बसलेल्यांना तो आलाय हे कळतं. जमावबंदीत संविधान चौकात पाच जण उभे राहिले तरी गुन्हा होता. अशा दिवसांत घटनेचा मजकूर बदलायचा, म्हणजे घरमालक दवाखान्यात असताना सातबारावर फेरफार नोंदवण्यासारखं झालं.

‘शंभरदा बदलली.’ बरोबर, 2023 पर्यंत 106 वेळा. आणि माझ्या बाजूला अडचणीचं उदाहरणही मीच देतो: 105 वी दुरुस्ती ऑगस्ट 2021 मध्ये, म्हणजे साथ संपलेली नसतानाच झाली. मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार तिने परत दिला. पण तो अधिकार काढून घेणाऱ्या मराठा आरक्षणाच्या निकालानंतर तीन महिने त्यावर उघड चर्चा झाली होती आणि लोकसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. सगळ्यांनाच मान्य असेल तर साथीतही दुरुस्ती होऊ शकते, हे मी मानतो. मेसेजला मात्र हवी आहे ती विरोध होणार हे माहीत असलेली दुरुस्ती. नाहीतर विरोधकांना शिव्या देणारं शेवटचं वाक्य कशाला लिहिलं असतं?

‘नंतर पूर्ववत करता येईल.’ 1976 ची 42 वी दुरुस्ती आणीबाणीत झाली. विरोधी खासदार तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. ती उलटवायला आधी सरकार पडावं लागलं, मग 43 वी आणि 44 वी दुरुस्ती करावी लागली. तरी सगळं परत आलं का? शिक्षण, वनं आणि वन्यजीव हे विषय तिनेच राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले. आज पन्नास वर्षं होत आली, ते तिथेच आहेत. ताडोबा-पेंचच्या जंगलात गावचा माणूस काही मागायला गेला की फाईल दिल्लीकडे का जाते, याच्या उत्तराचा एक धागा तिथपर्यंत पोचतो. शेजारी श्रीलंकेत ऑक्टोबर 2020 मध्ये, कोरोना चालू असताना, राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवणारी 20 वी दुरुस्ती झाली. ते अधिकार पुन्हा आवरायला 21 वी यावी लागली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. मधल्या काळात देश दिवाळखोरीत गेला आणि राष्ट्राध्यक्ष पळून गेले.

‘विरोध करणारे जिवाशी खेळतात.’ डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद देणारा वटहुकूम 22 एप्रिल 2020 ला आला. साध्या कायद्यातली दुरुस्ती होती. तिला विरोध करणारा आमच्या ग्रुपमध्येही कोणी नव्हता, मीही नव्हतो.